चौथं पान

बुधवार, ९ तारीख
दुपारचे अडीच, बसस्थानक, उद्घोषणेची खोली

पान एक.

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार घालायला आता कंबर परवानगी देत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझे मेहुणे ठीक, त्यांचं ब्लडप्रेशर ठीक, थोरलीची परीक्षा संपली, धाकटीची सुरू झाली. तूही ठीक असशील असं धरून चालते. झाल्या औपचारिकता. आता ऐक!

दादा, चाळीस माणसं तुझं पुस्तक ऐकतायत! चाळीस! त्यातल्या अकरा जणांनी दोनदा ऐकलं आणि एका आजोबांनी तिसऱ्यांदा लावलंय, त्यांच्या सुनेने फोन करून तक्रार केली की घरात दुसरं काही ऐकूच येत नाही. मला इतका आनंद झालाय की काल मी फलाट दोनची बस फलाट पाचवर पुकारली. पंचवीस माणसं सामान घेऊन पळाली. साहेबांनी बोलावून विचारलं, "काय हो बाई, बरं वाटत नाही का?" म्हटलं, साहेब, फार बरं वाटतंय, तोच तर घोळ आहे.

तू म्हणशील, अकरा वर्षांत 'पोचलो', 'मिळालं', 'बरं' याच्या पुढे हिच्या तोंडून शब्द नाही, आणि आज ही बया चार पानं लिहून पाठवते. हो, चारच आहेत. पाकिटातून काढल्यावर आधी मोजून घे. का, ते चौथ्यावर कळेल. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर आकडा घातलाय त्याला हसू नकोस. सवय लागलीय. कशी लागली तेच सांगते.

दोन वर्षांपूर्वी एक आंधळे गृहस्थ माझ्या खिडकीशी आले. टेलिफोन खात्यातले निवृत्त ऑपरेटर. आम्ही सगळे त्यांना ऑपरेटरकाका म्हणतो. म्हणाले, "बाई, तुमच्या आवाजात ऐकलं की बस चुकली तरी वाईट वाटत नाही. पुस्तकं वाचाल का?" मी म्हटलं, कुणासाठी? म्हणाले, "आमच्यासाठी. आम्हाला कान आहेत, पुस्तकं आहेत, मधलं माणूस नाही."

चपलांच्या दुकानावर एक खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये. वाचताना पंखा बंद. घामाच्या धारा लागतात आणि समोर मायक्रोफोन. चालवतात त्या मोठ्या बाई, पूर्वी अंधशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आजही आम्हाला बाकावर उभं करतील अशा. त्यांचे नियम तीन. एक, प्रत्येक पान सुरू करताना पानाचा आकडा मोठ्याने म्हणायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं. दोन, चुकलं तर जोरात एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा वाचायचं. मागाहून दुरुस्त करणारा ती टाळी शोधून चूक कापतो. आणि तिसरा नियम भिंतीवरच लिहून ठेवलाय: छापलंय तेवढंच. जास्त नाही, कमी नाही.

थांब. सव्वातीनची लागली वाटतं.

पान दोन.

आले. सव्वातीनची सोडून आले, बरोबर फलाटावरून.

पहिली कादंबरी मी कशी वाचली असेन? ऑपरेटरकाका म्हणाले, "बाई, नायिका रडत रडत फलाट क्रमांक तीनवरून सुटली असं वाटलं." मला असा राग आला! घरी येऊन तुझ्या मेहुण्यांना सगळा पेपर मोठ्याने वाचून दाखवला, छोट्या जाहिरातींसकट. आठ दिवसांनी ते बिचारे शेजारी पेपर वाचायला जाऊ लागले. पण जमलं, दादा. तोंडाला चव आली. दोन वर्षांत एकोणीस पुस्तकं वाचली मी! आयुष्यभर वेळापत्रकापलीकडे न गेलेली बाई!

आणि मला एक शोध लागलाय, तो तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोळ्यांनी वाचताना खोटं वाक्य खपून जातं. तेच तोंडात घोळवलं की खडा लागतो. मोठमोठ्या नावांच्या पुस्तकांत माझ्या दाताखाली इतके खडे आले की विचारू नकोस. माणसं घरात एक बोलतात आणि पुस्तकात दुसरंच. स्वयंपाक करता करता कुणी 'तथापि' म्हणतं का रे? आणि तुझ्या पुस्तकात मला खडा लागला फक्त दोनदा. पान चाळीस आणि पान एक्क्याण्णव. भेटलास की भांडू. बाकी आपल्या घरी बोलतात तसंच आहे सगळं. आईचं 'अगं बाई, हे काय नवीनच' वाचलं आणि खोलीबाहेर बसलेल्या मोठ्या बाई मोठ्याने हसल्या, ते हसणं रेकॉर्ड झालं. मी टाळी वाजवली नाही. राहू दे म्हटलं.

तसं माझं भांडण सध्या बऱ्याच जणांशी चाललंय. बावीस प्रकाशकांना मी स्वतःच्या हाताने पत्रं घातली, की पुस्तकं वाचायची परवानगी द्या, आम्ही विकणार नाही, फक्त ऐकवणार. उत्तरं आली तीन. एकाने लिहिलं, 'अंधांना कथा-कादंबऱ्या कशाला? त्यांना काही उपयोगाचं वाचून दाखवा.' उपयोगाचं! म्हणजे खुर्ची विणायची कशी आणि मेणबत्ती करायची कशी. डोळे नसले म्हणजे माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकवावंसं वाटत नाही की काय! मी त्याला नऊ ओळींचं उत्तर लिहिलं. मोठ्या बाईंनी त्यातल्या सात खोडल्या. उरलेल्या दोनसुद्धा झोंबल्या असाव्यात, कारण परवानगी आली.

तुझं पुस्तक मागितलं ऑपरेटरकाकांनी. कुणाकडून तरी ऐकलं होतं म्हणे. तुझ्या प्रकाशकाने दुकानच बंद केलंय, म्हणून मोठ्या बाईंनी तुला लिहिलं आणि तू 'हरकत नाही' कळवलंस. ते पत्र माझ्या हाताचं असतं तर कळवलं असतंस? माझं माहेरचं नाव तिथे कुणाला ठाऊक नाही. मोठ्या बाईंनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं, "हे तुम्ही करा." मी 'बरं' म्हटलं. दुसऱ्या कुणी वाचावं हे मला सहन झालं नसतं, खरं ते हे.

आणि आता आणखी एक खरं. दादा, मी तुझं पुस्तक पूर्ण वाचलंच नव्हतं. अकरा वर्षं नाही. पुस्तक आलं तेव्हा मावशीचा फोन आला, "एकशे एकोणिसाव्या पानापासून बघ, आईला लिहिता-वाचता येत नव्हतं असं छापलंय तुझ्या भावाने. सगळ्या नातेवाइकांत शोभा केली." मी एकशे अठरापर्यंत आले आणि पुस्तक मिटलं ते ट्रंकेत तळाशी. आणि मग तुला फोनवर जे जे बोलले ते तुला पाठच असेल. 'आईची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस' हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

पान तीन.

वाचायला बसले. एकशे अठरापर्यंत मस्त गाडी चालली. मग पान उलटलं, पहिलं वाक्य डोळ्यांसमोर आलं आणि मी थांबले. बाहेर कुणी ऐकत नव्हतं. मी सरळ पाच पानं उलटली आणि पुढचं वाचायला लागले.

पण गंमत बघ. पानं गाळायची अक्कल झाली, आकडा गाळायची झाली नाही! दोन वर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघालं, 'पान एकशे चोवीस.' चोराने घरफोडी करून दारावर आपलं नाव लिहून जावं, तसं.

आठव्या दिवशी ऑपरेटरकाकांचा फोन. "बाई, एकशे अठरानंतर एकदम एकशे चोवीस? पाच पानं उंदरांनी खाल्ली का?" मी म्हटलं, काका, छपाईतच नसतील. "माझ्या पुतणीने जुन्या पुस्तकांच्या दुकानातली प्रत मोजली. तिच्यात आहेत." मग हळूच म्हणाले, "बाई, डोळस माणसाने गाळलं तर आम्हाला कळायचा एकच मार्ग असतो, मोजणं. म्हणून आम्ही मोजतो."

दादा, मी तसाच फोन ठेवून दिला. हेच मी आधी एकदा ऐकलं होतं. ते पुढे.

मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं की मुद्दाम गाळली. का, ते सांगितलं नाही. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "चोरलेलं निदान चोराकडे तरी असतं. गाळलेलं कुठेच नसतं. बसा आत आणि वाचा."

मग मी वाचली ती पाच पानं. पहिल्यांदा. मायक्रोफोनसमोर, पंखा बंद, घामाने निथळत.

तू आईची कुठे शोभा केलीस रे? पेपर हातात घेऊन चित्रं बघायची आणि आपण आलो की 'डोळे दुखतात गं, तू वाच' म्हणायची, ती आई जशीच्या तशी बसवलीस. दूधवाल्याचा हिशेब बोटांच्या पेरांवर ठेवायची, पुस्तकाला पाय लागला तर आपल्याआधी नमस्कार करायची. मला माहीत नव्हतं का? नवव्या वर्षापासून माहीत होतं. मी तिला गोष्टी वाचून दाखवायची आणि शेवट रडका असला की स्वतःच्या मनाने गोड करायची. एकदाही तिने 'असं नाही लिहिलेलं' म्हटलं नाही. मला राग तू खोटं लिहिलंस याचा नव्हताच. आमचं दोघींचं गुपित तू मला न विचारता जगाला सांगितलंस, याचा होता. हे मला पाच पानं वाचल्यावर कळलं, अकरा वर्षांनी. जाऊ दे, माझी ट्यूबलाईट उशिरा पेटते हे तूच म्हणायचास.

आणि मग एकशे बाविसावं पान. तुझं पत्र. तू चोवीस वर्षांचा, शहरातल्या कचेरीत नकाशे काढणारा, आणि तू आईला विचारतोस: 'नोकरी सोडून लिहायचं म्हणतो. तू हो म्हणालीस तर इथेच राहतो. नाही म्हणालीस तर पुढच्या महिन्यात घरी येतो, तिकडेच काही बघतो. काय ते कळव.' उत्तर आलं. त्यात मांजराला झालेली तीन पिल्लं होती, गळकं छप्पर होतं, तुझ्या स्वेटरच्या बाह्यांचं माप होतं. तुझ्या प्रश्नाचं काही नव्हतं. तू धरून चाललास की गप्प राहणं म्हणजे 'नाही'. तरी नोकरी सोडलीस, आणि आईचा शब्द मोडला म्हणून तोंड दाखवायची लाज वाटून घरी येणं कमी केलंस.

आणि त्याखाली ते वाक्य. 'माझी पत्रं धाकट्या बहिणीच्या तोंडून आईला मिळायची, आणि तिने कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.'

सात टाळ्या वाजवल्या मी त्या एका वाक्याला. सातदा वाचलं, सातदा अडखळले. आठव्यांदा निघालं.

ऑपरेटरकाकांनी ऐकलं, फोन केला. म्हणाले, "लेखकाला बोलवा. सगळ्यांचं म्हणणं आहे. मला एकच विचारायचंय. त्या आईचं उत्तर शेवटी आलं का?"

म्हणून हे पत्र. येत्या रविवारनंतरचा रविवार, म्हणजे २० तारीख, दुपारी तीन, चपलांच्या दुकानावरची खोली, पंधरा पायऱ्या. चाळीस माणसं येणार. त्यांतला प्रत्येक जण तुला हेच विचारणार. आणि तुला उत्तर ठाऊक नाही.

मला ठाऊक आहे.

पान चार.

हे पान मी तिसऱ्यांदा लिहितेय. फोनवर सांगितलं असतं तर गाळलं असतं, मला ओळखतोस.

तुझं ते पत्र चार पानांचं होतं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली, हातात निवडायची मेथी, आणि मी सोळा वर्षांची, समोर उभी राहून वाचत होते. तीन पानं वाचली. चौथं मनातल्या मनात आधी वाचून घेतलं, नेहमीच्या सवयीने, आणि घडी घातली. आईने विचारलं, "झालं?" म्हटलं, झालं. ती म्हणाली, "अजून एक कागद होता ना?" मी म्हटलं, त्याच्यावर नुसती सही आहे.

तिने मान हलवली आणि मेथी निवडायला लागली. मग उत्तर सांगितलं, मी लिहिलं. पिल्लं, छप्पर, बाह्या.

का केलं? ती 'नाही' म्हणेल म्हणून नाही रे. ती 'हो' म्हणेल म्हणून. मला पक्कं माहीत होतं ती 'हो' म्हणणार, आणि मग तू कायमचा तिकडचा होणार. उत्तरच गेलं नाही तर कंटाळून घरी येशील, असं माझं सोळा वर्षांचं गणित. तू यावास म्हणून केलं आणि त्यानेच तू यायचा थांबलास. दादा, मला तुझी फार आठवण यायची. घरात 'रेडिओ, आवाज कमी कर' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. हे कारण आहे, माफी नाही. माफी वेगळी मागते: चुकले. फार चुकले.

पुस्तक आलं तेव्हा आई आजारी होती. पुस्तक मी ट्रंकेत घातलेलं, पण तिला आधीच दाखवून बसले होते. तिने हातात घेतलं, वजन केलं, मागचा तुझा फोटो बोटाने पुसला. विचारलं, "किती पानं आहेत?" म्हटलं, एकशे ऐंशी. ती म्हणाली, "वाच की मग." आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? मी म्हटलं, डोळे दुखतात.

तिचंच वाक्य तिला परत दिलं. ती माझ्याकडे बघून हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

जायच्या आधी दोन आठवडे, दुपारचंच, मी तिचे केस विंचरत होते. एकदम म्हणाली, "त्या पत्राला चार कागद होते. तू तीनच उलटलेस. चौथ्यावर काय होतं गं?" एकोणीस वर्षं, दादा! एकोणीस वर्षं ती मोजून गप्प होती. आता तुला कळलं ना, ऑपरेटरकाका 'म्हणून आम्ही मोजतो' म्हणाले तेव्हा मी तसाच फोन का ठेवून दिला?

मी सांगितलं. शब्दाला शब्द, पाठ होतं. कंगवा माझ्या हातातच राहिला. तिने केस स्वतःच मागे बांधले. मग जे म्हणाली ते मला तुला कळवायचं होतं आणि मी कळवलं नाही. आपलं भांडण नुकतंच झालेलं. कळवलं असतं तर आधी चौथं पान कबूल करावं लागलं असतं. ती गेल्यावर तू तिला शेवटचं बघायला आलास, दाराशी उभा राहिलास, तेव्हाही ते माझ्या जिभेवर होतं. मी तुला पाणी हवं का विचारलं.

मोठ्या बाईंकडून कळलं की तू हल्ली पंपांची माहितीपत्रकं लिहितोस. एका पुस्तकानंतर गप्प का झालास, ते चाळीस माणसं विचारतील. त्यातलं थोडं उत्तर माझ्याकडे अडकून पडलं असेल, असं मला रोज वाटतं. नसेल तर बरंच. असेल तर घे, हे तुझं.

रविवारी ये. नाही आलास तर मला कळेल, आणि मीच उभी राहून काकांना सगळं सांगेन, गाळणार नाही. पण ये. पुढच्या रांगेतली खुर्ची धरून ठेवलीय आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही.

आईचा निरोप, तीस वर्षं उशिराने. तिच्याच शब्दांत:

'हो म्हणून कळव त्याला. उशीर झाला म्हणावं, पण हो. आणि म्हणावं, लिही आणि घरी पण ये. दोन्ही एकदम करता येतं. एवढा शिकलेला माणूस, एवढं कळू नये?'

सांगितलं तेवढंच लिहिलंय. जास्त नाही, कमी नाही.

तुझी
रेडिओ